कच्चा अर्ज

"सोड की अजून थोडी, नुसतीच लोंबतीय," खालून शोभना म्हणाली.

मी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून वायर खाली सोडत होते आणि ती पार्किंगमध्ये हात वर करून उभी होती. गीझरचा जाड प्लग, तिथून निघालेली वीस मीटरची वायर, कठड्यावर घासू नये म्हणून तिच्याखाली आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा, आणि खाली माझी कोरी करकरीत इलेक्ट्रिक गाडी. टोक हाताला लागलं तसं शोभनानं ते चार्जरला जोडलं. दिवा हिरवा झाला. फिरून परत येणारे पहिल्या मजल्यावरचे उपाध्येकाका थांबून म्हणाले, "काय बाई, गाडीला सलाईन लावलं काय?" आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या हातातली उरलेली वायर खाली पडली.

पाच वर्षं होत आली या गोष्टीला. त्या दिवशी मला वाटलं होतं, शोभना आहे म्हणून माझं निभतंय. आणि खरंच निभत होतं, हे आजही कबूल केलं पाहिजे.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. राहायला सांगलीत, शाळा चौसष्ट किलोमीटरवर खैरवस्तीला, पूर्वेकडच्या कोरड्या माळावर. शोभना बिरनाळे आमच्याच कृष्णाई अपार्टमेंटमध्ये तळमजल्याला, पार्किंगच्या उलट्या बाजूला राहायची आणि तिची शाळा माझ्या अलीकडे तीन किलोमीटरवर. अकरा वर्षं आम्ही बरोबर जात-येत होतो. आधी एसटीनं, मग एका जीपनं. एकीचा डबा दुसरी खायची, एकीला डुलकी लागली तर दुसरी तिचं डोकं खिडकीवर आपटू नये म्हणून हात धरायची. तिला भाऊ नव्हता, मला बहीण नव्हती, आणि नवऱ्याच्या बाबतीत बोलायचं तर तिचा दुबईला होता आणि माझा झालाच नव्हता.

आता नियम असा की शिक्षकानं शाळेच्या गावातच राहायचं. त्यासाठी दरवर्षी ग्रामसभेचा ठराव लागतो, ‘सदर शिक्षिका गावातच वास्तव्यास आहेत.’ सरपंच शिक्का मारतात, कागद तालुक्याला जातो, आणि सदर शिक्षिका साडेचारला घरची वाट धरतात. माझा ठराव होता, शोभनाचा होता, तालुक्यातल्या झाडून सगळ्यांचा होता. सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर नसलेलं सरकारात घडत नाही. मी काही हरिश्चंद्राची अवलाद नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण मला गावात राहता येणं शक्यच नव्हतं. आईची डावी बाजू अर्धांगानं गेली होती. बोलणं तुटक, माणसं कधी ओळखायची, कधी नाही. दिवसभर रत्नामावशी सांभाळायच्या, पण त्यांच्या गावची शेवटची बस सव्वासहाची. दुपारची पेज आई त्यांच्या हातून घ्यायची, पण रात्रीचं जेवण माझ्याच हातून. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायची, आणि जबरदस्ती केली तर ठसका. डॉक्टरांनी बजावलं होतं, ठसका श्वासात गेला तर जीवावर बेतेल, सवयीचंच माणूस भरवायला पाहिजे. म्हणून माझ्या दिवसाला एकच काटा होता. सहाच्या आत घर.

जीपवाल्यानं वय झालं म्हणून जीप विकली आणि एसटी साडेसातला पोचवायची. तेव्हा मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. रोजच्या एकशे अठ्ठावीस किलोमीटरला दुसरं काही परवडण्यासारखं नव्हतं. शोरूममधला मुलगा म्हणाला, एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटर. आमच्या माळावरच्या उन्हात, एसी लावून, दोनशेला ती मान टाकायची. म्हणजे रोज रात्री चार्जिंग हवंच.

गाडी आल्यावर कळलं की हे म्हणजे घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. घोड्याला कुठंही चारा मिळतो, हिला मिळेना. शाळेत लावून बघितली. तिथं व्होल्टेज इतकं कमी की ट्यूबलाइट पेटायला प्रार्थना संपायची, चार्जर तर लाल दिवा दाखवून गप्प बसायचा. मिरज रस्त्यावर एक चार्जिंग स्टेशन होतं, पण तिथं टॅक्स्यांची रांग आणि आपला नंबर आल्यावर पुन्हा सव्वा तास. एकदा तिथं अडकले तर घरी पोचायला पावणेआठ. रत्नामावशी बस चुकवून थांबल्या होत्या आणि आई उपाशी, भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर गॅलरीतून सलाईन सुरू झालं.

आठवड्याभरातच उपाध्येकाका वर आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि कागदाशिवाय त्यांना पाणीसुद्धा गिळत नसे. म्हणाले, वायर अशी टांगता येणार नाही, कुणाला शॉक बसला तर जबाबदार कोण. तुमच्या मीटरवरून तुमच्या पार्किंगपर्यंत रीतसर लाईन ओढा, चार्जिंग पॉइंट बसवा, पण त्यासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी पाहिजे. अर्ज द्या. अर्ज फाइलला लागला की सभा होईपर्यंत वायर चालेल, तेवढं मी बघतो.

"पण अर्जात कारण सविस्तर पाहिजे," जाता जाता म्हणाले. "नुसतं ‘गाडी आहे’ म्हणून चालायचं नाही. बाकीचे विचारणार, ह्यांनाच का."

रविवारी सकाळी शोभनाच्या स्वयंपाकघरात बसून मी अर्ज लिहिला. ती आंबोळ्या घालत होती. मी बाई पडले शिक्षिका, अर्ज लिहायचा म्हटल्यावर अंगात येतं. तारीख, विषय, मग खाली मुद्दे. ‘आम्ही दोघी शिक्षिका सांगलीहून शाळेला जात असून अंतर एका वेळी चौसष्ट किलोमीटर आहे. घरी रुग्ण असल्याने सायंकाळी सहापूर्वी परतणे भाग आहे, त्यामुळे बाहेर चार्जिंग करणे शक्य नाही.’ लिहून तिला वाचून दाखवला. तिनं गॅस बारीक केला, हात पुसले आणि पर्समधून लाल पेन काढलं. मास्तरणीला कागद दिसला की लाल पेन हातात येणारच.

"मला कशाला घालतीस ह्यात?" म्हणत तिनं ‘आम्ही दोघी शिक्षिका’ खोडलं. नुसती रेघ मारून थांबली नाही, अक्षर दिसेनासं होईपर्यंत गिरवलं आणि वर लिहिलं, ‘मी’. "अर्ज तुझा, गाडी तुझी. काका म्हणणार, दोन फ्लॅटांची भानगड दिसतीय." मग पुढे ‘जात’ हा शब्द खोडून, बाण काढून तिनं लिहिलं, ‘दररोज जात-येत’. "हे पाहिजे. त्याशिवाय रोज चार्जिंग का लागतं ते कळायचं नाही."

मला ते पटलं. तिथंच बसून मी पक्की प्रत केली आणि सही ठोकली. कच्चा कागद चुरगळायला लागले तर ती म्हणाली, "ठेव तिथं, केरात टाकते मी." मी आंबोळी खाल्ली. एका मास्तरणीनं आपल्या हस्ताक्षरात, मुद्देसूद, ठरावाच्या नेमकं उलट लिहून सही करून दिलं होतं, हे त्या सकाळी माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. सोसायटी वेगळी आणि खातं वेगळं, असं धरून चाललेलं.

त्याच महिन्यात बदल्यांची यादी आली. सांगलीजवळ, घरापासून आठ किलोमीटरवर, एक जागा रिकामी होत होती. सेवाज्येष्ठतेत तिच्यावर पहिलं नाव माझं आणि दुसरं शोभनाचं. आमच्यात सात महिन्यांचा फरक. मी घरी येऊन आईला सांगितलं, आता दुपारचंसुद्धा मीच भरवणार तुला. तिला किती कळलं देव जाणे, पण हसली. शोभनाला मी म्हटलं, पुढची जागा निघेल ती तुझीच. तिच्या पाठीचा मणका त्या वर्षी फार दुखत होता. डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला होता. कमरेला पट्टा बांधून, पाठीशी उशी घेऊन ती गाडीत बसायची. खड्डा आला की मी वेग कमी करायचे आणि ती डोळे मिटून "चल, चल" म्हणायची.

तीन आठवड्यांनी शाळेत पत्र आलं. ‘एका जागरूक पालकाच्या’ तक्रारीवरून माझी चौकशी. ठरावानुसार मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, वास्तव्यास नसल्याबाबत. परतीच्या वाटेवर मी ते शोभनाच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं.

"कुणी केलं असेल गं?" म्हणाली.

मग पंधरा दिवस आम्ही दोघींनी मिळून नावं काढली. मी म्हटलं जीपवाला, त्याचं गिऱ्हाईक गेलं म्हणून. ती म्हणाली, नाही गं, म्हातारा भला माणूस. उपसरपंचाचा पुतण्या असेल, त्याच्या पोराला तू वर्गाबाहेर उभं केलंस ना. मग मी त्या पुतण्याशी बोलणं सोडलं. बिचाऱ्याला कारणसुद्धा कळलं नसेल.

चौकशी तालुक्याच्या ऑफिसात, दुपारी तीनला. शोभनानं पाठीचं कारण सांगून अर्धी रजा काढली आणि माझ्याबरोबर आली. "एकटीला कशी पाठवू?" म्हणाली. वर मात्र आली नाही, गाडीतच बसते म्हणाली. मार्चचं ऊन होतं. मी गाडी कडुनिंबाखाली लावली, तिची उशी नीट केली आणि आत गेले.

विस्तार अधिकारी तांदळेसाहेब स्वभावानं वाईट नव्हते. मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग एक झेरॉक्स समोर धरून, मला न दाखवता, वाचायला लागले. "‘मी सांगलीहून शाळेला दररोज जात-येत असून अंतर एका वेळी चौसष्ट किलोमीटर आहे.’ बाई, अर्ज लई चांगला लिहिलाय. शंका घ्यायला जागाच ठेवली नाही तुम्ही."

उपाध्येकाका, मनात आलं. त्या कागदी माणसानं फाइलमधून काढून दिला. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत बसले.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो." ‘नाही’ म्हणून तरी काय उपयोग होता.

"घरी कोण आजारी असतं?"

मी आईचं सांगितलं. ठसक्याचं, सहा वाजायचं, सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, मला पटतंय, पण पटलेलं लिहायला या फॉर्मात रकाना नाही. मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "गाडीत तुमच्याबरोबर आणखी कोण असतं?"

खिडकीतून कडुनिंब दिसत होता. शोभनानं काच खाली केली होती आणि रुमालानं वारा घेत होती. मला तिची पाठ आठवली. माझं जायचं ते गेलं, दोघींनी कशाला बुडायचं.

"कोणी नाही, साहेब. मी एकटीच असते."

"नक्की? आमच्या कानावर वेगळं आलंय."

"एकटीच."

त्यांनी लिहून घेतलं. जबाब मी वाचला आणि सही केली. मग त्यांनी ती झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. ‘सदर अर्ज माझाच आहे’ असं त्यावरही लिहून द्या म्हणाले.

मी कागद ओढून घेतला. वर सोसायटीचा शिक्का नव्हता, आवक क्रमांक नव्हता, खाली माझी सहीसुद्धा नव्हती. दुसऱ्या ओळीत एक काळा ठिक्कर डाग होता, आतलं अक्षर दिसू नये इतका गिरवलेला. त्याच्यावर ‘मी’. पुढे बाण, आणि बाणाच्या टोकाला ‘दररोज जात-येत’. ते अक्षर मी अकरा वर्षं ओळखत होते. हा कागद उपाध्येकाकांनी कधी बघितलाच नव्हता. हा आंबोळीच्या ताटाशेजारी राहिलेला कागद होता.

"काय झालं बाई? तुमचा नाही का?"

मला ओरडावंसं वाटलं. त्या डागाखाली काय लिहिलंय ते सांगावंसं वाटलं. पण त्या जबाबावरची शाई अजून वाळायची होती, ‘मी एकटीच असते’, आणि खाली माझी सही.

"माझाच आहे," म्हटलं आणि लिहून दिलं.

बाहेर आले तर शोभनानं पाण्याची बाटली उघडून पुढे केली. मी ती घेतली नाही. गाडी सुरू केली. पाच वाजायला आले होते, छत्तीस किलोमीटर जायचं होतं, आणि आदल्या रात्री वीज गेल्यामुळे चार्जिंग जेमतेम होतं म्हणून एसी लावता येत नव्हता. काचा खाली करून निघाले. गाव मागे पडलं. साखर कारखान्याचा फाटा गेला. या गाडीला आवाज नसतो हे मला तोवर फार आवडायचं. त्या दिवशी नको झालं, कारण तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"काय म्हणाले?" तिनं शेवटी विचारलं.

"कच्चा अर्ज तू टाकला नाहीस केरात."

ती नाही म्हणाली नाही, रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "माझं नाव घेतलंस?"

"नाही. एकटीच असते म्हणून सही केली."

"मला ठाऊक होतं तू घेणार नाहीस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी मुलांना वाक्यात उपयोग करून शिकवलंय, दरवर्षी. त्याचा अर्थ मला त्या फाट्याच्या पुढे कळला. माझ्या वाईटपणावर भरवसा ठेवून कुणी मला फसवलं असतं तर चाललं असतं. हिनं माझ्या चांगुलपणावर भरवसा ठेवला होता. तो धरूनच सगळं बेतलं होतं.

"जागा पाहिजे होती तर मला मागायचीस," मी म्हटलं.

"मागितली असती तर दिली असतीस?"

मी खोटं बोलू शकले नाही. "नसती दिली."

"मग," ती म्हणाली. "माझी पाठ गेली तर मला कोण उचलणार? माणूस तिकडं दुबईला. तुला गावात राहायला लागलं तर जीव जात नाही, वृषाली. मला ह्या रस्त्यानं जाईल."

"आणि आई?"

यावर तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत लाज असती तर मला सोपं गेलं असतं. तिथं होती ती काळजी, अगदी खरी.

"त्याचा विचार केलाय की मी. जवळच्या शाळेत गेले की पाचला घरी असणार. रत्नामावशी जायच्या आत वर येईन. मी भरवेन आईंना, रात्री वरच झोपेन. होईल सवय. तू शनिवारी येत जा."

मी ब्रेक लावला. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, माणूस नाही. उतर म्हणायला तोंड उघडलं आणि घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. हिच्याशी भांडत बसले तर सहा चुकणार. हिला उतरवलं तर मला गावात राहायला लागल्यावर आईजवळ संध्याकाळी कोण? माझ्याकडे रजा उरली नव्हती, रात्रीची बाई मिळत नव्हती, आणि आईला खैरवस्तीच्या खोलीत न्यायचं तर तिथं ना डॉक्टर ना आडोशाचं न्हाणीघर. तिनं सगळ्या वाटा आधीच मोजून बघितल्या होत्या. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पुढे खड्डे आले, आणि माझ्या पायानं आपणहून वेग कमी केला. त्या पायाचा मला आजही राग येतो.

सहाला पाच कमी असताना पोचलो.

यादीतून माझं नाव गेलं. मुख्यालयी राहण्याचा आदेश आला आणि अधूनमधून अचानक तपासणी होईल अशी तंबी. जून उजाडता शोभना आठ किलोमीटरवर रुजू झाली. मी खैरवस्तीत पिठाच्या गिरणीमागची खोली घेतली. शोभनाबद्दल मी कुठंही ब्र काढला नाही. लोकांना मी थोर वाटले असेन. थोर कसली, अडलेली होते. जिच्याविरुद्ध तक्रार करायची, तिच्याच हातात रोज संध्याकाळी माझी आई होती.

जुलैत उपाध्येकाकांचा फोन आला. सभेत चार्जिंग पॉइंट एकमतानं मंजूर. आवाजात केवढा अभिमान. म्हणाले, बाई, तुमचा अर्जच असा होता की कुणी विरोध करूच शकलं नाही. मी आभार मानले.

दर शनिवारी दुपारी यायचे, रविवारी त्या पॉइंटला गाडी लावायची, सोमवारी पहाटे भरलेली गाडी घेऊन परत. जाण्यात एक तृतीयांश खर्च व्हायचा, उरलेल्यात शनिवारी परतायला पुरायचं. आई बरी होती. पहिले चार दिवस जेवली नाही, मग जेवायला लागली, असं रत्नामावशींनी सांगितलं. कसं जमवलं ते शोभनानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्याशी मी कामापुरतं बोलायचे. औषध, डायपर, डॉक्टर.

नोव्हेंबरात मतदार यादीच्या कामाचं प्रशिक्षण लागलं, मंगळवार आणि बुधवार, तालुक्याला. अठ्ठावीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, दोन्ही दिवस. बुधवारी परत आले तेव्हा गाडीत अकरा टक्के उरले होते. गिरणीवाल्याकडून वायर घेऊन रात्रभर लावून ठेवली. सकाळी बघितलं तर लाल दिवा आणि तेच अकरा टक्के.

गुरुवारी दहा वाजता, तिसरीला पाढे म्हणून घेत असताना, शोभनाचा फोन आला. ती घरीच होती. रत्नामावशींनी बोलावलं म्हणून शाळेतून परत आली होती. "आईंना श्वास लागलाय. डॉक्टर आलेत. तू नीघ लगेच."

मी धावत गाडीशी गेले. किल्ली फिरवली. पडद्यावर आकडा आला, बावीस किलोमीटर. घर चौसष्टवर. मी त्या आकड्याकडे बघत बसले, जणू बघून तो वाढणार होता. मग दुधाच्या टेम्पोनं फाट्यावर, फाट्यावरून एसटीनं तालुक्याला, तिथून दुसरी. जिना चढले तेव्हा पावणेदोन वाजले होते. दारात चपला दिसल्या, आणि चपलांची संख्या बघून मला कळलं.

आई बाराला गेली होती. शोभना तिच्या उशाशी बसली होती, डोळे सुजलेले. मला बघून उठली आणि तिनं मला मिठी मारली.

तेराव्याला उपाध्येकाका सगळ्यांदेखत म्हणाले की आजच्या काळात अशी मैत्रीण मिळणं म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य. पोटच्या मुलीनं करावं तसं शोभनाताईंनी केलं. बायकांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

माणसं पांगल्यावर मी रत्नामावशींबरोबर भांडी आवरत होते. इतके दिवस जे तोंडावर येऊन परत जात होतं ते विचारलं. "मावशी, आई तिच्या हातून जेवायला कशी लागली?"

रत्नामावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुमास्नी सांगू नगा म्हनल्या हुत्या ताई," म्हणाल्या. "आईस्नी वळख कुटं ऱ्हायली हुती ओ. दिस कलला की त्या ‘वृषाली, वृषाली’ करायच्या. शेवटच्या दिशीबी तेच."

"मग?"

"मग काय. शोभनाताई वाटी घिऊन जवळ बसायच्या, आन् ओ द्यायच्या."